तार रुळाच्या कडेने गेली

१८५८ साली पुणे–दिक्सळ रेल्वे सुरू झाली आणि वाटेतलं दौंड रुळावर आलं. १८७८ मध्ये मनमाडची लाइन जोडली, दौंड जंक्शन झालं. गाड्या चालवायच्या म्हणजे तारयंत्र हवंच, त्यामुळे रुळासोबत तारही आली. शेजारच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती, रेल्वे मात्र अजून नाही.

१८८५ च्या तार कायद्याने तारेची मक्तेदारी सरकारला दिली. अमुक गावाला तार द्यायचीच, असं बंधन त्यात नव्हतं. ग्रामीण भागाला परवडणारी सेवा देण्यासाठी कायद्याने निधी उभा राहिला तो थेट २००३ च्या दुरुस्तीने. म्हणजे ११८ वर्षांनी! पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून यायचा. त्यात मोबाइल आणि ब्रॉडबँड आले २००६ मध्ये.

मग २०११ मध्ये गावोगावी फायबर न्यायचं ठरलं. आज त्या योजनेला आपण भारतनेट म्हणतो. पण लक्ष्य होतं ग्रामपंचायत. भीमेकाठच्या उसात विखुरलेली घरं पंचायतीच्या दारात थोडीच असतात?

२०१९ मध्ये हॉस्टेलच्या मोबाइलबंदीविरुद्ध एक विद्यार्थिनी केरळ उच्च न्यायालयात गेली. इंटरनेट हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदा मोडीत काढायची तरतूद केली, निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिलं. मात्र वस्तीवरच्या माणसाला ‘माझी जोडणी किती दिवसांत?’ असं हक्काने विचारता येईल, असं कलम त्यातही नाही. शिरूर-दौंडच्या मतदारांनी आपल्या खासदारांकडे मागावं ते हेच कलम, मुदतीसकट.