लहान ध्वनिसंच निवडताना : वॅटच्या आकड्यापेक्षा शब्दांची स्पष्टता महत्त्वाची

सिलतरा (रायपूर) : कारखान्यातील सुरक्षा सूचना असो की गणेशोत्सवातील भजन, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द स्पष्ट पोहोचला नाही तर ध्वनिसंच असून नसल्यासारखाच ठरतो. चाके लावलेले आणि बॅटरीवर चालणारे ‘ट्रॉली स्पीकर’ आता लहान मंडळे, शाळा व कारखान्यांमध्ये सर्रास दिसतात. मात्र खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा पाहून केलेली निवड अनेकदा चुकते.

रायपूर-बिलासपूर मार्गावरील सिलतरा हे स्पंज आयर्न आणि पोलाद कारखान्यांचे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा ठिकाणी एकाच संचाकडून वर्षभर निरनिराळ्या अपेक्षा असतात. पाळी सुरू होण्यापूर्वीच्या सूचना, ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिवस, सप्टेंबरमधील विश्वकर्मा पूजा, मानस मंडळ्यांचे गायन आणि मराठी कुटुंबांचा गणेशोत्सव ही त्यांची काही उदाहरणे. भाषण आणि गायन यांच्या गरजा मात्र सारख्या नसतात.

शब्द आणि सूर

बोलण्यातील बहुतांश ऊर्जा स्वरांमध्ये असते, पण अर्थ मुख्यत्वे व्यंजनांवर अवलंबून असतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक आहे तो केवळ अखेरच्या व्यंजनाचा. यंत्राचा क्रमांक किंवा तापमान सांगताना तो हरवला तर चूक महागात पडू शकते. व्यंजनांची स्पष्टता प्रामुख्याने २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्यामुळे केवळ भाषणासाठी ६ ते ८ इंची स्पीकर आणि उच्च स्वरांसाठी स्वतंत्र ट्विटर असलेला संच पुरेसा ठरतो.

गायनात हार्मोनियम आणि तबल्याची भर पडते. डग्ग्याचा खर्ज १०० हर्ट्झच्या आसपास असतो, तो नीट उमटण्यासाठी १० किंवा १२ इंची स्पीकर उपयुक्त. मात्र चित्रपटगीतांसाठी खर्ज मुद्दाम वाढवलेल्या संचात बोलणे घुमते. म्हणून बास, ट्रेबल आणि प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय असलेला संच घ्यावा.

वॅटचे गणित

वॅट दुप्पट केल्यास आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजेच दुप्पट अंतरावर तेवढाच आवाज हवा असेल तर चौपट शक्ती लागते. ‘पीएमपीओ’ या नावाने छापले जाणारे हजारोंचे आकडे क्षणिक कमाल शक्तीचे असल्याने त्यांना फारसा अर्थ नाही. ‘आरएमएस’ वॅट आणि एक मीटरवरील कमाल आवाज किती डेसिबल, या दोन गोष्टी विक्रेत्याला विचाराव्यात.

शब्द नीट समजण्यासाठी तो सभोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने मोठा असावा लागतो. कारखान्याच्या आवारात ७५ डेसिबल गोंगाट असेल आणि शेवटची रांग १६ मीटरवर असेल, तर तेथे ९० डेसिबल आवाज पोहोचावा लागेल. त्यासाठी स्पीकरपासून एक मीटरवर ११४ डेसिबल आवाज लागतो आणि दोन मीटरवर उभ्या कामगाराच्या कानावर १०८ डेसिबल आदळतात. हे श्रवणशक्तीला धोकादायक आहे. तीच सभा ६० डेसिबलच्या शांत जागी घेतल्यास एक मीटरवर ९९ डेसिबल पुरतात, म्हणजे शक्ती सुमारे तीस पटीने कमी लागते. मोठा संच घेण्याआधी सभेची जागा बदलून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

माइक आणि मांडणी

माइक तोंडाच्या निम्म्या अंतरावर आणला की त्याला मिळणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. समोरचाच आवाज प्रामुख्याने टिपणारा कार्डिऑइड डायनॅमिक माइक भाषण व गायन दोन्हींसाठी उपयुक्त. स्पीकर माइकच्या पुढे आणि श्रोत्यांच्या डोक्यापेक्षा उंच स्टँडवर ठेवल्यास शिट्टी वाजण्याचा त्रास कमी होतो आणि आवाज मागेपर्यंत पोहोचतो. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज पहिल्या रांगेतच अडतो.

ब्लूटूथवरून साथीचा ट्रॅक वाजवता येतो, पण त्यातील विलंबामुळे प्रत्यक्ष गायनाचा माइक त्यावरून जोडू नये. गायक आणि दोन वाद्ये असतील तर किमान तीन इनपुट हवेत. वायरलेस माइक असला तरी पर्याय म्हणून वायरचा एक माइक जवळ असावा.

धूळ आणि बॅटरी

पोलाद पट्ट्यात लोहयुक्त धुळीचा प्रश्न वेगळा आहे. स्पीकरच्या चुंबकाकडे लोहकण ओढले जातात आणि कॉइलभोवतीच्या अरुंद फटीत शिरल्यास आवाज खरखरतो. दाट जाळी आणि वापरानंतर घालण्याचे आच्छादन त्यामुळे आवश्यक ठरते. ‘आयपी’ मानांकन दिले असल्यास त्यातील पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण दर्शवतो. ६ हा सर्वोच्च. लेड-ॲसिड बॅटरी जड असते आणि रिकामी ठेवल्यास लवकर खराब होते. लिथियम बॅटरी हलकी, मात्र महाग. जाहिरातीतील बॅटरीचे तास सहसा मध्यम आवाजावर मोजलेले असतात.

नियम काय सांगतात

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७० डेसिबल अशी मर्यादा आहे. ध्वनिवर्धकासाठी प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वापरास मनाई आहे. वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. संच लहान असला तरी हे नियम लागू होतात.

खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करता येते. दुकानात गाणे न वाजवता एकाने माइकवर अनोळखी नावे आणि ‘सात, साठ’ असे आकडे वाचावेत व दुसऱ्याने पंधरा-सोळा मीटरवर उभे राहून ते लिहून घ्यावेत. लिहिलेले आणि वाचलेले जुळले, तरच तो संच भाषणाच्या कामाचा.