गणकयंत्राचा ताप आणि त्याचे निदान



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत साहित्य, राजकारण आणि संतवाङ्मय यांच्या शेजारी गणकयंत्राच्या तापाचा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात एक लहानसे गणकयंत्र असते, आणि वैशाखातल्या दुपारी ते हाताला चांगलेच गरम लागते, हा अनुभव कोणालाच नवा नाही. घरातला संगणक अर्ध्या तासाने मंद होतो, त्याचा पंखा घोंघावू लागतो आणि मग तो एकाएकी बंद पडतो, ही तक्रारही नेहमीची आहे. या तक्रारीचा इतिहास सुमारे ऐंशी वर्षांचा आहे. तो पाहिला म्हणजे घरच्या यंत्राचे निदान कसे करावे हे तर कळतेच. शिवाय आपल्या विजेशी आणि पाण्याशी निगडित असलेला आजचा एक मोठा प्रश्नही नीट समजतो.

प्रथम मूळ गोष्ट सांगतो. संगणकात शिरलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. विजेच्या मोटारीने विहिरीतले पाणी वर चढते, गिरणीत दळण होते. संगणकाने केलेली बेरीज कसलेही ओझे उचलत नाही. शंभर वॉट वीज खाणारा प्रोसेसर म्हणजे शंभर वॉटची शेगडीच समजावी. ही उष्णता बाहेर जाण्याची वाट ठरलेली आहे. चिपमधून ती तिच्यावर लावलेल्या लेपात येते. या लेपाला थर्मल पेस्ट म्हणतात. तेथून ती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या ठोकळ्यात, म्हणजे हीट सिंकमध्ये जाते; तेथून पंख्याच्या वाऱ्यात आणि अखेर खोलीच्या हवेत. ही एक साखळी आहे. यंत्र तापले तर एक तर या साखळीची एखादी कडी निसटलेली असते, नाहीतर उगमाशीच उष्णता बेसुमार निर्माण होत असते. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गणकयंत्राच्या इतिहासात मोठमोठ्या तज्ज्ञांनीही अनेकदा बंब भलतीकडेच नेला, हे आपण आता पाहू.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मॉकली आणि एकर्ट या दोघांनी उभारलेले ‘एनिॲक’ हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ते किती तापतात हे सांगावयास नको. यंत्राला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे, आणि ती उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठमोठे पंखे अहोरात्र चालवावे लागत. कपाटांतून उष्णतेवर नजर ठेवणाऱ्या कळा बसविल्या होत्या. मर्यादा ओलांडली की त्या वीज तोडीत. पण एकर्टचे खरे शहाणपण निराळेच होते. व्हॉल्व्हवर त्यांच्या शक्तीइतका भार त्याने कधी टाकलाच नाही. ठरलेल्या दाबापेक्षा बऱ्याच कमी दाबावर तो ते चालवी. वारंवार गरम-गार होण्याने व्हॉल्व्ह फुटतात हे ओळखून यंत्र शक्यतो बंदही करीत नसत. त्यामुळे अठरा हजारांपैकी एखादा व्हॉल्व्ह साधारण दोन दिवसांनी जाई, आणि तेवढे नुकसान सोसण्याजोगे होते. म्हणजे पहिल्याच यंत्रात पंख्याचा उपाय होता आणि उगमाशी संयम हाही होता. पुढच्या पिढ्यांनी पहिला उपाय उचलला आणि दुसरा बराच काळ बाजूला ठेवला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही १९६० साली व्हॉल्व्हचे यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. तोपर्यंत बाहेर जगात ट्रान्झिस्टरचे युग सुरू झाले होते. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जन्मलेला हा ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हच्या मानाने नगण्य तापे. तेव्हा अनेकांना वाटले की उष्णतेचा प्रश्न आता कायमचा मिटला. तो मिटला नाही, कारण एक ट्रान्झिस्टर कमी तापतो म्हणून माणसाने एकाच्या जागी हजारो बसविले. या इतिहासात हा प्रकार पुढेही वारंवार घडलेला दिसतो.

१९७६ साली सीमूर क्रे यांचे ‘क्रे-१’ हे महासंगणक यंत्र लॉस ॲलामॉस येथे गेले. ते सुमारे ११५ किलोवॉट वीज खाई. नुसत्या वाऱ्याने ते गार होणे शक्य नव्हते. म्हणून घरच्या शीतकपाटाप्रमाणे त्याच्या खांबांतून फ्रिऑन खेळविला होता आणि प्रत्येक पट्टीच्या पोटात तांब्याचा पत्रा घालून उष्णता त्या खांबांपर्यंत आणली होती. आरंभी नळ्यांच्या सांध्यांतून तेल गळू लागले, आणि जोडकामाची नवी रीत शोधीपर्यंत यंत्र पाठविण्यास उशीर झाला. जगातल्या सर्वांत वेगवान यंत्राला गणिताने अडविले नव्हते. नळकाम अडवून बसले होते.

आयबीएमच्या तज्ज्ञांची अडचण साखळीच्या पहिल्या कडीशी होती. चिप आणि धातू एकमेकांना चिकटलेले दिसले, तरी त्यांच्यामध्ये बारीक फट राहते, त्या फटीत हवा असते आणि हवा ही उष्णतेची मोठी वैरीण. १९८० साली जाहीर झालेल्या ‘३०८१’ या यंत्रात त्यांनी शंभराहून अधिक चिपा एका डबीत बसविल्या, प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या ठेवला, डबीत हेलियम वायू भरला आणि वर पाण्याने थंड राहणारे झाकण घातले. हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो, हे त्यामागचे कारण. क्रे यांनी तर १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये सगळी यंत्रणाच वीज न वाहणाऱ्या फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून टाकली. फटच नको, मग हवेची भीती कसली!

हे सर्व उपाय बुद्धिमत्तेचे होते यात शंका नाही. पण बंब अजून सोमेश्वरीच होता. रामेश्वरची आग विझविण्याची युक्ती फार पूर्वी, १९६३ साली, फ्रँक वॅनलास या तरुण शास्त्रज्ञाने दाखवून ठेवली होती. तिचे नाव सीमॉस. या रचनेत ट्रान्झिस्टरांची अशी जोडी असते की, एक उघडा असता दुसरा बंद राहतो. त्यामुळे स्थिती बदलते त्या क्षणापुरतीच मुख्यतः वीज खर्च होते. ही चिप आरंभी मंद होती म्हणून मोठ्या यंत्रांच्या कर्त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. अखेर १९९४ साली आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांत सीमॉस आणली, आणि पाण्याचे नळ जाऊन पुन्हा साधे पंखे आले. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरविला, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. या नियमाच्या आधारावर तीस वर्षे संगणक वेगवान होत गेले.

मग ही पुण्याईही संपली. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की, नळ बंद केला तरी थेंब थेंब गळावा तशी वीज बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपू लागली, आणि दाब आणखी उतरविता येईना. २००१ साली इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला की, हाच क्रम चालला तर चिपेची उष्णता अणुभट्टीच्या आणि पुढे अग्निबाणाच्या तोटीच्या पंक्तीला जाऊन बसेल. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याच कंपनीची ‘प्रेस्कॉट’ ही पेंटियम चिप आली. तिचे क्षेत्रफळ ११२ चौरस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढे. उष्णता सुमारे शंभर वॉट. हजार वॉटच्या इस्त्रीची उष्णता तिच्या सबंध तळावर पसरलेली असते, हे लक्षात घेतले तर या नखाएवढ्या तुकड्याचा दर चौरस सेंटिमीटरचा ताप इस्त्रीच्या दसपटीहून अधिक भरतो. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने तिची पुढची ‘तेहास’ ही चिप रद्द केली आणि ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेंटियमही सोडून दिला. २००५ पासून एका धावत्या चिपेऐवजी एकाच तुकड्यावर दोन, चार, आठ सावकाश चालणारे गणक बसविण्याचा मार्ग सर्वांनी धरला.

या ठिकाणी पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. अमेरिकेने क्रे यंत्रे देताना बंधने घातली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. एक अजस्र गणक बनविणे आपल्या हाती नव्हते, म्हणून ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान गणक एकत्र जोडून काम वाटून दिले. त्यामागे उष्णतेची चिंता नव्हती, नाइलाज होता. परंतु काम वाटून घेण्याचा हाच मार्ग पुढे सबंध जगाला उष्णतेच्या धाकाने पत्करावा लागला.

आता घरच्या यंत्राकडे वळू. २००१ साली एका गाजलेल्या चाचणीत चालू संगणकांवरचे हीट सिंक मुद्दाम काढून पाहिले. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळाला. पेंटियम ४ मात्र मंद होऊन चालत राहिला, कारण ताप वाढताच स्वतःचा वेग उतरविण्याची सोय त्यात होती. आज ही सोय सर्व प्रोसेसरांत आहे. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास स्वतःला आवरू लागतात. म्हणून संगणक मंद झाला की तो म्हातारा झाला असे समजून मोडीत काढू नये. आधी ताप पाहावा. तो सांगणारे साधन यंत्रातच असते.

यंत्र सुरू करताच काही सेकंदांत आकडा भराभर चढला आणि हीट सिंक मात्र कोमटच राहिला, तर दोष सांध्यात आहे: लेप वाळला आहे किंवा पकड सैल झाली आहे. अशा वेळी जुना लेप स्पिरिटने पुसून नवा पातळ लेप द्यावा. जाड थर दिल्याने गुण येत नाही. आकडा हळूहळू चढला आणि हीट सिंकही चटका देऊ लागला, तर वारा वाहत नाही: पंखा अडला आहे किंवा पात्यांत धूळ बसली आहे. आपल्याकडे धुळीचा दोषच फार आढळतो. यंत्र बंद करून, वीज काढून, पंख्याचे पाते हाताने धरून ती झटकावी. पाण्याने थंड होणारे यंत्र असेल आणि एक नळी गरम, दुसरी गार लागली, तर पंप थांबला असे समजावे. वारा वाहतो आहे, पण यंत्र बंद कपाटात कोंडले आहे, तर ते आपलीच गरम हवा पुन्हा घेत राहते. आणि सगळ्या कड्या शाबूत असूनही ताप हटत नसेल, तर उगमाकडे पाहावे: आपल्या नकळत कोणता कार्यक्रम यंत्राला राबवीत आहे? मोठा पंखा विकत आणण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. पुष्कळदा तो विचारला जात नाही.

हाच प्रश्न आता गावागावांपुढे येणार आहे. २०२२ साली एनव्हिडियाने जाहीर केलेला ‘एच-१००’ हा प्रोसेसर एकटा ७०० वॉटपर्यंत उष्णता टाकतो, आणि असे हजारो प्रोसेसर एका इमारतीत बसतात. पाण्याचे नळ पुन्हा आले आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातल्या अशा डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या विजेचा हा सुमारे दीड टक्का झाला. आपल्याकडे ऐरोली, महापे, पनवेल या भागांत अशी केंद्रे उभी आहेत. त्यांतली उष्णता कोठे जाते? माठातले पाणी गार होते ते थोडे पाणी वाफ होऊन गेल्यामुळे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. बाष्पीभवनाने एक युनिट विजेची उष्णता घालवावयाची, तर सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ करावी लागते. सर्वच केंद्रे याच रीतीने थंड होत नाहीत. परंतु जी पाणी वाचवितात त्यांना बहुधा वीज अधिक मोजावी लागते.

या केंद्रांवर बहिष्कार घालावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांच्यावाचून आपली बँक, रेल्वेचे तिकीट आणि हवामानाचा अंदाज हे काहीच चालावयाचे नाही. पण एखाद्या शहरात असे केंद्र येते तेव्हा पाणी कोठून आणावयाचे आणि तारा कोठून ओढावयाच्या एवढीच चर्चा होते. एवढी आकडेमोड कशासाठी, आणि ती कमी विजेत करता येईल काय, हे कोणी विचारीत नाही. १९६१ साली रॉल्फ लँडॉअर यांनी सिद्धान्त मांडला की, माहितीचा एक कण पुसावयाचा तरी थोडी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. आजची यंत्रे त्या किमान मर्यादेच्या कितीतरी पट उष्णता टाकतात. तेव्हा सुधारणेला जागा भरपूर आहे, आणि ती जागा चिपेच्या रचनेत, कार्यक्रमाच्या लेखनात आणि आपल्या मागणीत आहे. एकर्टने १९४६ साली व्हॉल्व्हवरचा भार मुद्दाम कमी ठेवला होता. नगरपालिकेच्या सभेत पाण्याच्या जोडणीचा अर्ज येईल तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी हा हिशेब मागावा, आणि तो त्यांनी मागावा असा आग्रह आपण नागरिकांनी धरावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.