मत लिहावे की बटण दाबावे?

तोक्योच्या एदोगावा वॉर्डात हिगाशी-कसाई आहे. तेथील मतदार कोऱ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव स्वहस्ते लिहितो. 2019 साली या वॉर्डाच्या सभेवर महाराष्ट्रात जन्मलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. 'योगि' हे त्यांचे नाव हिरागाना लिपीत अवघ्या दोन अक्षरांचे!

जपानने यंत्रही करून पाहिले. 2002 साली नीमी शहरात पहिले यंत्र-मतदान झाले. पण 2003 साली कानी शहरात यंत्रणा बंद पडली, आणि 2005 साली ती निवडणूक रद्द ठरली. राष्ट्रीय निवडणुकीत यंत्र आलेच नाही.

भारतातही 1982 साली केरळात परवूर येथे 50 केंद्रांवर झालेले यंत्र-मतदान सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये अवैध ठरविले. तरी पुढे कायदा बदलला. 2004 मध्ये सर्व लोकसभा मतदारसंघांत यंत्र आले, आणि 2019 मध्ये प्रत्येक केंद्रावर पडताळणीची चिठ्ठीही.

इस्राएलात आम्ही पक्षाच्या अक्षरांची चिठ्ठी लिफाफ्यात घालतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी ती हिब्रू अक्षरे उतारवयात ओळखावयास शिकून मत दिले. म्हणून आम्हांस वाटते, साधन कोणतेही असो, शंका आल्यास मत पुन्हा मोजता आले पाहिजे.