व्हिडिओ बघून टाके घालायला शिकता येतं का? शिकाऊ डॉक्टरांच्या सरावामागचं शास्त्र

समजा, लोकलमधून उतरताना पाय घसरला आणि कपाळ फुटलं. डोंबिवलीत असाल तर शास्त्रीनगर रुग्णालय, कल्याणात असाल तर रुक्मिणीबाई, ठाण्याच्या बाजूला असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. जखम धुतली जाते, भुलीचं इंजेक्शन दिलं जातं आणि कुणीतरी टाके घालायला बसतं. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात हे 'कुणीतरी' अनेकदा इंटर्न किंवा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर असतो.

मग प्रश्न पडतो, की हा हात तयार कुठे झाला? आजची पिढी स्वयंपाकापासून गिटारपर्यंत सगळं व्हिडिओ बघून शिकते. टाके, गाठी, चिरा या गोष्टीही तशाच शिकता येतात का? येत असतील तर कुठपर्यंत? समजून घेऊया.

आधी कसं शिकवलं जायचं?

आधुनिक सर्जरीच्या शिक्षणात एक वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलंय: एकदा बघा, एकदा करा, एकदा शिकवा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्या नावाशी ही पद्धत जोडली जाते. यात अडचण सरळ आहे. 'एकदा करा' हे जिवंत माणसावर करायचं असतं.

आपल्याकडे मात्र याचा विचार फार आधी झाला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय खास सरावावर आहे. कापण्याचा सराव भोपळ्यासारख्या फळांवर करावा, शीर उघडण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, टाके घालण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर, तर पट्टी बांधण्याचा कापडी बाहुल्यावर, असं त्यात सांगितलंय. शास्त्र कितीही वाचलं असलं तरी हाताला सराव नसेल तर वैद्य कामाला अयोग्य, हा त्यातला मुद्दा आहे. आजची 'स्किल लॅब' म्हणजे हीच कल्पना. फक्त भोपळ्याच्या जागी सिलिकॉनचं पॅड आलंय.

आता नियम काय सांगतात?

२०१९ पासून देशात एमबीबीएससाठी क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात सर्जरीच्या विद्यार्थ्याने निर्जंतुक पद्धत आणि टाके घालणं सिम्युलेशनमध्ये, म्हणजे रुग्णाऐवजी मॉडेलवर करून दाखवणं अपेक्षित आहे. वैद्यकीय महाविद्यालयांना स्किल लॅबही आवश्यक झाली. ठाणे महापालिकेचं कळव्यातलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा २०२४ मध्ये सुरू झालेलं अंबरनाथचं शासकीय महाविद्यालय, नियम सगळ्यांना तेच.

पण वेळेचं गणित अवघड आहे. २०२१ च्या नियमांनुसार वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये सर्जरीला ६ आठवडे मिळतात आणि कॅज्युअल्टीला २. एका शिक्षकामागे बरेच विद्यार्थी, त्यातच ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशनची यादी. प्रत्येकाचा हात धरून दहा वेळा गाठ शिकवायला सवड कुणाला असते? व्हिडिओ इथेच कामाला येतो.

व्हिडिओ नेमकं काय शिकवतो?

टाका घालणं दिसतं सोपं, पण त्यात बारीक बारीक पायऱ्या आहेत. सुई बोटांनी धरायची नसते, ती नीडल होल्डरमध्ये पकडतात. पकड टोकाजवळ नसते. टोकापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर असते. सुई कातडीत काटकोनात शिरते. ती पुढे ढकलायची नाही, मनगट वळवून तिच्या गोलाईप्रमाणे फिरवायची. जखमेच्या दोन्ही कडांना सारखं अंतर, सारखी खोली. कडा एकमेकींना भिडतील एवढीच गाठ आवळायची. जास्त आवळली तर तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरते.

हे सगळं समोर उभं राहून बघताना एक घोळ होतो. शिक्षकाचा उजवा हात तुम्हाला आरशासारखा उलटा दिसतो. दहा जणांच्या घोळक्यात मागच्याला तर फक्त शिक्षकाची पाठ दिसते. चांगला व्हिडिओ करणाऱ्याच्या खांद्यावरून, त्याच्याच नजरेतून घेतलेला असतो. प्रत्येकाला पहिल्या रांगेतली जागा मिळते. व्हिडिओ थांबवता येतो, हळू करता येतो, डावखुऱ्या विद्यार्थ्यासाठी उलटाही करता येतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर पडद्यावर बघून शिकणं ओघानंच आलं. १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली अशी ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. या तंत्रात सर्जन स्वतःच पडद्याकडे बघून काम करतो. त्यामुळे त्याला जे दिसतं तेच शिकणाऱ्यालाही दिसतं.

संशोधन काय म्हणतं?

दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

१९९८ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका गटाला गाठ मारणं संगणकावरून शिकवलं गेलं, तर दुसऱ्या गटाला व्याख्यान आणि शिक्षकाच्या सूचना मिळाल्या. गाठ दोन्ही गटांना जमली, पण हाताच्या सफाईत शिक्षकाने सुधारलेला गट पुढे होता.

२००७ मध्ये 'सर्जरी' या नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांचा अभ्यास आला. नवख्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी टाके आणि गाठींचा सराव स्वतः व्हिडिओ बघत केला, तर काहींना तज्ज्ञांनी चुका सांगितल्या. महिनाभरानंतर तपासलं, तर व्हिडिओ बघत सराव केलेले विद्यार्थी सराव संपल्यावर तज्ज्ञांच्या सूचना मिळालेल्यांच्या बरोबरीने टिकून होते.

पहिल्यात संगणक मागे पडला, दुसऱ्यात व्हिडिओ बरोबरीला आला. मग खरं काय? दुसऱ्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या हातात सरावाच्या वेळी सुई होती आणि समोर व्हिडिओ. करायचं, अडलं की बघायचं, पुन्हा करायचं. गादीवर लोळून बघितलेला व्हिडिओ आणि सरावाच्या टेबलावर चालू ठेवलेला व्हिडिओ, यात फरक आहे तो एवढाच.

सराव कशावर करतात?

यासाठी महागडं साहित्यच लागतं असं नाही. गाठींसाठी बुटाची लेस आणि खुर्चीचा पाय पुरतो. कल्याण-डोंबिवलीहून कळव्याला जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर बॅगेच्या पट्ट्यावरही बोटांना वळण लावता येतं. टाक्यांसाठी स्पंज, केळ्याचं साल, चिकनची तंगडी, नाहीतर ऑनलाइन मिळणारं सिलिकॉनचं पॅड.

यात केळ्याचं साल फार प्रामाणिक आहे. सुई ओढली किंवा गाठ जास्त आवळली की ते लगेच फाटतं. सिलिकॉन ही चूक पोटात घालतं. सराव मात्र घरचा असला तरी सुई खरी असते. ती चिमट्यानेच धरायची आणि वापरून झाली की कचऱ्याच्या पिशवीत न टाकता जाड बंद डब्यात ठेवायची.

व्हिडिओ कुठे कमी पडतो?

पहिली गोष्ट, व्हिडिओला तुमचे हात दिसत नाहीत. एका चुकीच्या वळणाने पक्क्या रीफ नॉटची सरकणारी गाठ होते, आणि करणाऱ्याला ती बरोबरच वाटते. चुकीचा सराव शंभर वेळा केला तर चूकच पक्की होते. यावर सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून सीनियरला दाखवणं. १९९७ मध्ये टोरांटोत तयार झालेल्या 'ओसॅट्स' या मूल्यमापन पद्धतीत तज्ज्ञ हेच बघतात: हालचालीत सफाई आहे का, पेशींना जपून हाताळलं जातंय का, पुढची पायरी ठाऊक आहे का.

दुसरी गोष्ट, स्पर्श. कातडीचा ताण, सुईला होणारा विरोध, गाठ बसल्याची जाणीव पडद्यावरून येत नाही. शिवाय व्हिडिओतली जखम स्वच्छ आणि सरळ असते. खरी जखम वेडीवाकडी, रक्ताने भरलेली, तिच्यात खडीचे कण अडकलेले, आणि रुग्ण कळवळत असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: टाका कधी घालायचा नाही. कुत्रा चावल्याची जखम हे याचं ठळक उदाहरण. ती साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, रेबीजची लस सुरू करायची. रक्त काढणारी जखम असेल तर तिच्यात इम्युनोग्लोब्युलिन सोडायचं. टाके शक्यतो टाळायचे. अगदीच गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर सैलसर घालायचे. उत्तम टाका घालणारा हात इथे घाई करून नुकसान करू शकतो. खोल जखमेखाली स्नायूची दोरी किंवा नस तुटली आहे का, हे न तपासता वरून कातडी शिवणं हीसुद्धा तशीच चूक. हा निर्णय अनुभवी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतो.

रुग्ण म्हणून आपण काय लक्षात ठेवायचं?

शिकाऊ डॉक्टर समोर बसला म्हणून घाबरून जाऊ नका. पण 'वरिष्ठांनी जखम पाहिली आहे का?' हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. कुणी तुमच्या जखमेचं चित्रण करत असेल तर आधी तुमची परवानगी हवी. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आणि टाके कधी काढायचे याबद्दल विचारा. साधारणपणे चेहऱ्याचे टाके ५ दिवसांच्या आसपास, डोक्याचे ७ ते १० दिवसांत, तर हातापायांचे १० ते १४ दिवसांत काढतात. जखम लाल झाली, सुजली, ठणकू लागली किंवा पू आला, तर त्या तारखेची वाट न बघता दाखवायला जा.

आणि व्हिडिओ कितीही सोपा वाटला तरी घरच्या माणसावर प्रयोग नको. घरी करायचं काम एवढंच: स्वच्छ कापडाने जखम दाबून धरायची आणि रुग्णालय गाठायचं.