भेग सापडली, पण कुठे?

धातूचीही सोनोग्राफी होते. अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० साली अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. आवाज पाठवायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पोलादात आवाज सेकंदाला साधारण ५९०० मीटर धावतो, त्यावरून भेग किती खोल ते कळतं. पण नळीवर नेमकी कुठे, हे कळत नाही. हाताने प्रोब फिरवायचे तोवर बिघडत नव्हतं. खडूने खूण केली की झालं!

अणुभट्टीत खडू घेऊन कोण जाणार?

आपल्या २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. प्रत्येक गरम नळी एका थंड नळीच्या आत, आणि दोघींना लांब ठेवायला मध्ये गोल स्प्रिंगा. जुन्या भट्ट्यांत नळीमागे दोनच, त्याही सैल, आणि त्या जागेवरून सरकल्या होत्या. आधार सरकला की गरम नळी वर्षानुवर्षं वाकत थंड नळीला टेकते. टेकलेल्या जागी हायड्रोजन जमून धातू ठिसूळ होतो. कॅनडात पिकरिंगला १ ऑगस्ट १९८३ रोजी अशीच एक नळी सुमारे दोन मीटर फाटली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'बार्सिस' ही यंत्रणा बनवली. तपासणीचं डोकं नळीत शिरतं, सरकतं, फिरतं. अल्ट्रासाउंडने भेगा आणि जाडी, एडी करंटने स्प्रिंगांची जागा. पण प्रत्येक प्रतिध्वनीला अंतर आणि कोन हे दोन आकडे जोडलेले नसतील तर तो डेटा म्हणजे टाइमस्टॅम्प नसलेला लॉग. बसा शोधत!

अशा स्कॅनरमध्ये हे आकडे सहसा एन्कोडर देतो. गंमत अशी, की साधा एन्कोडर फक्त किती सरकलो ते मोजतो, कुठून निघालो ते त्याला ठाऊक नसतं. शून्य आपणच ठरवायचं. (आमच्या इंझोरीकडे पूर्वी मोजणीची साखळी कुठल्या दगडापासून धरली यावरूनच भांडणं व्हायची, साखळीच्या लांबीवरून नाही.) शिवाय चाक घसरतं, गिअरमध्ये ढिलाई असते. मग जातानाचं आणि येतानाचं स्कॅन जुळत नाही.

इथे ही चूक महागात पडते. स्प्रिंग कुठे आहे यावरूनच नळी कधी टेकेल याचा हिशोब होतो, आणि त्यावरून भट्टी किती वर्षं चालवायची याचा. राजस्थानच्या दुसऱ्या भट्टीच्या सगळ्या नळ्या १९९० च्या दशकात बदलल्या. नव्या नळ्यांना चार-चार स्प्रिंगा, घट्ट बसणाऱ्या.