पुनर्जन्म, बौद्ध धर्मातील

मृत्यूनंतर प्राण्यास पुन्हा जन्म येतो, ही कल्पना बौद्ध धर्मात मूळची की मागाहून आलेली, हा बौद्ध विद्येतील एक वादग्रस्त प्रश्न आहे. पालि वाङ्मयात या कल्पनेस ‘पुनर्भव’ (पुनब्भव) अशी संज्ञा आहे. बुद्धाने नित्य आत्म्याचे अस्तित्व नाकारले. मग पुन्हा जन्म येतो तो कोणाला, अशी शंका त्याच्या हयातीपासून आजवर विचारली गेली आहे. महाराष्ट्रात आणि विशेषतः वऱ्हाडात १९५६ नंतर या प्रश्नाला सामाजिक महत्त्वही प्राप्त झाले. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्याच्या लोकसंख्येत बौद्धांचे प्रमाण सुमारे १८ टक्के, तर अमरावती जिल्ह्यात सुमारे १३ टक्के होते. यांतील बहुसंख्य कुटुंबे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेली असून, पूर्वजन्मीच्या कर्मामुळे हीन जातीत जन्म येतो ही शिकवण त्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावी लागली होती.

पालि वाङ्मयातील पुरावा : उपलब्ध बौद्ध वाङ्मयाच्या प्राचीन थरांत पुनर्भवाची कल्पना सर्वत्र आढळते. मज्झिमनिकायातील भयभेरवसुत्तात व महासच्चकसुत्तात बोधिप्राप्तीच्या रात्रीचे वर्णन आहे. त्यानुसार बुद्धाला पहिल्या प्रहरी आपल्या पूर्वजन्मांचे व दुसऱ्या प्रहरी प्राण्यांच्या च्युति-उत्पत्तीचे ज्ञान झाले. स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी व अर्हत या साधकांच्या चार श्रेणी उरलेल्या जन्मांच्या संख्येशी निगडित आहेत. सुत्तनिपातातील पारायणवग्ग हा फार जुना भाग मानला जातो. त्याच्या प्रास्ताविक गाथांत गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नामक ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाकडे प्रश्न घेऊन गेल्याचे सांगितले आहे. त्यांच्या प्रश्नांचा एक मुख्य विषय जन्म व जरा यांच्या पलीकडे कसे जावे, हा आहे. चिनी भाषेत जतन झालेले आगमग्रंथ पालि परंपरेहून वेगळ्या संप्रदायांचे असून त्यांतही ही कल्पना तशीच येते. त्यामुळे ती संप्रदायभेदापूर्वीची असावी, असे अनुमान काढले जाते.

तथापि याच वाङ्मयात पुनर्भवाची एक विशिष्ट मर्यादाही स्पष्ट केलेली आहे. महातण्हासंखयसुत्तातील साति नावाच्या भिक्षूचे मत असे, की एकच विज्ञान (जाणीव) न बदलता जन्मोजन्मी भटकत असते. बुद्धाने त्याची कडक शब्दांत कानउघाडणी करून विज्ञान हे कारणपरत्वे उत्पन्न होते व कारणाच्या अभावी होत नाही, असे त्यास समजाविले. प्रतीत्यसमुत्पादाचा (पटिच्चसमुप्पाद) सिद्धांत तो हाच. पुनर्भव आहे, परंतु एका देहातून दुसऱ्या देहात जाणारे असे काही नाही, ही बौद्ध भूमिका उपनिषदांतील आत्म्याच्या देहांतराहून मूलतः भिन्न आहे. चूळमालुंक्यसुत्तात मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो, हा प्रश्न दुःखनिवारणास निरुपयोगी म्हणून अनुत्तरित ठेवला आहे. कालामांना केलेल्या उपदेशात तर परलोक असो वा नसो, वैरमुक्त चित्ताच्या माणसास दोन्ही पक्षी समाधानच लाभते, असे म्हटले आहे. यावरून बुद्धाच्या नीतिविचाराचा आधार केवळ परलोकावर नव्हता, हे स्पष्ट होते. दुसऱ्या बाजूस, दीघनिकायातील पायासिसुत्तात परलोक नाकारणाऱ्या पायासि राजन्याचे मत कुमारकस्सप दृष्टांतांनी खोडून काढतो. म्हणजे परलोक नाकारणारा पक्ष त्या काळी ज्ञात होता आणि बौद्ध परंपरेने तो स्वीकारला नाही.

पूर्वकर्म व जन्म : पुनर्भवाहून पूर्वकर्माचा प्रश्न वेगळा असून सामाजिक दृष्ट्या तोच अधिक महत्त्वाचा आहे. अंगुत्तरनिकायातील एका सुत्तात, माणसाच्या वाट्यास येणारे सर्व सुखदुःख पूर्वकृत कर्मामुळेच येते, हे मत त्याज्य ठरविले आहे. कारण ते मानल्यास चांगले करण्याची इच्छा व प्रयत्न यांना अर्थच राहत नाही. संयुत्तनिकायात मोळिय सीवक या परिव्राजकाला उत्तर देताना बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुपालट इ. वेदनांची आठ कारणे सांगतो व कर्म हे त्यांपैकी केवळ एक मानतो. देवदहसुत्तात निर्ग्रंथांच्या पूर्वकर्मवादाचे खंडन आहे. वसलसुत्तात जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो, असे प्रतिपादिले असून तेथे कर्म म्हणजे या जन्मीचे आचरण होय.

याउलट चूळकम्मविभंगसुत्तात माणसामाणसांतील भेदांची कारणे सांगताना उद्धटपणाचे फळ म्हणून पुढील जन्मी नीच कुळात जन्म येतो, असे विधान येते. हे सुत्त वगळून मूळ बौद्ध मत एकसंध होते असे म्हणणे कठीण आहे. कर्म हे सर्व विषमतेचे स्पष्टीकरण नव्हे असे सांगणारा आणि काही विषमतांचे ते स्पष्टीकरण मानणारा असे दोन सूर पिटकांत शेजारी-शेजारी ऐकू येतात.

उत्तरकालीन विवेचन : आत्म्यावाचून पुनर्जन्म कसा, याचे उत्तर देण्याचा प्रयत्न पुढील आचार्यांनी केला. मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेन एका दिव्यावरून दुसरा दिवा लावण्याचा दृष्टांत देतो : ज्योत पेटते, पण पहिल्या दिव्यातून काही निघून दुसऱ्यात जात नाही. वात्सीपुत्रीयांनी ‘पुद्गल’ मानला, तर सर्वास्तिवाद्यांनी मृत्यू व जन्म यांच्या दरम्यान ‘अंतराभव’ मानला. स्थविरवाद्यांनी ही दोन्ही मते कथावत्थूत खोडली. पाचव्या शतकात बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात प्रतिसंधिविज्ञानाची मांडणी केली. तिबेटात तेराव्या शतकापासून लामांचा वारस त्यांच्या पुनर्जन्मावरून शोधण्याची प्रथा रूढ झाली. ती मूळ बौद्ध धर्मातील नव्हे, हे सर्वमान्य आहे. विसाव्या शतकात थायलंडमधील भिक्षू बुद्धदास (१९०६–९३) यांनी प्रतीत्यसमुत्पादातील ‘जन्म’ म्हणजे क्षणोक्षणी होणारा अहंभावाचा उदय, असा अर्थ लावला.

वऱ्हाड व प्राचीन परंपरा : सोपारा (जि. पालघर) येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे अंश सापडले आहेत, यांपैकी नववा लेख धर्माचरणाचे फळ इहलोकी व परलोकी मिळते, असे सांगतो. वऱ्हाडात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भोन (जि. बुलढाणा) येथील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले आहेत. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. हा भाग १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. या शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. शेजारच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे चित्र आहे व आत विश्वंतर, षड्‌दंत इ. जातककथा, म्हणजेच बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या कथा, रंगविलेल्या आहेत. दानलेखांत दानाचे पुण्य आईवडिलांना व सर्व प्राण्यांना मिळावे, अशी इच्छा वारंवार व्यक्त होते. यावरून वत्सगुल्मकालीन उपासकांच्या श्रद्धेत पुनर्जन्माचे स्थान मोठे होते, हे दिसते.

बौद्ध धर्म लोपल्यावर पूर्वकर्माची कल्पना या प्रदेशात अन्य संप्रदायांद्वारे टिकून राहिली. मेहुणाराजा (जि. बुलढाणा) हे संत चोखामेळा (मृ. १३३८) यांचे जन्मस्थान असल्याची परंपरा आहे. त्यांच्या नावावरील अभंगांत विटाळाविषयी तीव्र वेदना व प्रश्न आहेत. त्याचबरोबर आपला हीन जातीतील जन्म हे पूर्वीच्या दोषाचे फळ होय, अशी कबुलीही काही अभंगांत आढळते. अन्यायाचा भोक्ताच त्याचा कर्ता ठरावा, ही या कल्पनेची परिणती होती.

आंबेडकरांची मांडणी : नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावती येथे अंबादेवी मंदिर-प्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या वऱ्हाड परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांनी भूषविले. १९३५ मध्ये येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली व १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांचा द बुद्ध अँड हिज धम्म हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत बौद्ध धर्मापुढील चार प्रश्न मांडलेले असून, आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म कसे संभवतात, हा त्यांपैकी एक आहे.

ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्यांनी या प्रश्नाचे दोन भाग केले : पुनर्जन्म कशाचा व पुनर्जन्म कोणाचा. पृथ्वी, आप, तेज व वायू ही देहातील महाभूते मृत्यूनंतर आकाशातील तत्सम भूतसमूहात मिसळतात व पुन्हा एकत्र येतात; या अर्थाने पुनर्जन्म आहे. परंतु तीच व्यक्ती पुन्हा जन्मास येते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पूर्वजन्मीचे कर्म पुढील जन्म ठरविते, हे मत त्यांनी ब्राह्मणी परंपरेचे मानले व अपत्यास गुणधर्म आईवडिलांकडूनच येतात, या आनुवंशिकतेच्या तत्त्वाशी ते विसंगत असल्याचे दाखविले. भाणकांच्या पाठांतरातून बुद्धवचने विपर्यस्त झाली व हा विपर्यास विशेषतः कर्म आणि पुनर्जन्म यांबाबत घडला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेल्या सुत्तांत साति भिक्षूचा प्रसंग असलेले महातण्हासंखयसुत्तही आहे. जे विवेकाला धरून व मानवहिताचे, तेच बुद्धवचन मानावे, ही त्यांची कसोटी होती.

या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले. साति भिक्षूच्या सुत्तातून आत्म्याच्या देहांतराचा निषेध सिद्ध होतो, पुनर्भवाचा नाही. बोधिप्राप्तीच्या रात्रीचे वर्णन व साधकांच्या चार श्रेणी या गोष्टी नंतरची भर म्हणून वेगळ्या काढता येत नाहीत, असे पारंपरिक स्थविरवादी विद्वान मानतात. मात्र पूर्वकर्माने सर्व काही ठरते या मताचा पिटकांतच निषेध आहे, हा आंबेडकरांच्या मांडणीचा सर्वांत भक्कम भाग होय.

आचारातील स्थान : दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतारकल्पनेचा आणि श्राद्ध व पिंडदान यांचा त्याग आहे, पुनर्जन्माचा स्पष्ट निषेध मात्र नाही. उलट धम्मस्वीकार हाच आपला नवा जन्म होय, अशी एक प्रतिज्ञा आहे. पुनर्जन्म या शब्दाला येथे देहाशी नव्हे, तर समाजातील स्थानाशी निगडित असा नवा अर्थ मिळाला. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बौद्ध कुटुंबांत मृत्यूनंतर तेरवीऐवजी जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करण्याची रीत रूढ आहे. त्यात त्रिशरण, पंचशील व परित्राणपाठ होतात. पुण्यानुमोदनाच्या मुळाशी मृतास पुण्य पोहोचते, ही जुनी स्थविरवादी कल्पना आहे. तथापि अनेक कुटुंबांत तिचा अर्थ मृत व्यक्तीच्या सद्‌गुणांचे स्मरण एवढाच घेतला जातो.

सारांश, पुनर्भवाची कल्पना उपलब्ध बौद्ध वाङ्मयाच्या प्राचीनतम थरापासून आढळते, असे ऐतिहासिक दृष्ट्या म्हणावे लागते. नित्य आत्म्याचे देहांतर हे मत मात्र त्या शिकवणुकीत बसत नाही आणि मनुष्याची सारी स्थिती पूर्वकर्माने ठरते, हे मत तिने स्पष्टपणे नाकारले आहे. मूळ शिकवण कोणती होती आणि आजच्या अनुयायाने त्यांतील काय स्वीकारावे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर ग्रंथांच्या तुलनात्मक अभ्यासातून मिळते. दुसऱ्याचे उत्तर, जन्माचा कलंक पूर्वजन्माच्या नावे ज्यांच्या माथी मारला गेला, त्यांनी १९५६ मध्ये आपल्या कृतीने दिले.