काजळी, भांडं आणि तीन महिन्यांची साखर

मागच्या रोवणीत आमच्या गटातल्या एका काकूंच्या पायात बांधीतला काटा मोडला. दिवाळी आली तरी जखम भरेना. काकूंना दहा वर्षांपासून शुगर. उपाशीपोटीची साखर 190 आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीएवनसीचा रिपोर्ट मात्र 6.1. "रिपोर्ट तर चांगला आहे ना!" काकू म्हणायच्या आणि आम्हीही मान डोलवायचो. काकू सिकलसेलच्या वाहक आहेत. ते कार्ड घरातल्या पेटीत होतं. ते डॉक्टरांना दाखवायचं असतं, हे आम्हाला सुचलंच नाही.

म्हणून आज या तपासणीचा जन्म कसा झाला ते सांगतो. तिचं आणि सिकलसेलचं नातं जुनं आहे.

1949 साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवून पाहिलं. ते नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकलं. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पट्ट्यात घरोघरी फिरणारा हा दोष असा जगाच्या कागदावर आला.

पुढे इराणमध्ये, तेहरानला, सॅम्युएल राहबर हे डॉक्टर असंच दोषाचं हिमोग्लोबिन शोधत रुग्णांचं रक्त तपासत होते. काहींच्या रक्तात एक अनोळखी पट्टी दिसली. पाहतात तर ती माणसं मधुमेहाची! हे 1968 साली छापून आलं. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं, की साखर आटोक्यात आली की ही पट्टीही कमी होते.

याचं कारण चुलीवरच्या भांड्यासारखं आहे. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. जितका धूर, तितकी काजळी. तशीच रक्तातली साखर पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. पण भांडंच दर पंधरवड्याला बदललं तर काजळी दिसणार कुठून? सिकलसेलचा आजार असलेल्यांच्या पेशी दहा-वीस दिवसांतच मोडतात, म्हणून त्यांचा आकडा खोटा कमी येतो. वाहकांच्या पेशी बहुधा पुरत्या जगतात, पण काही यंत्रं त्यांच्या हिमोग्लोबिनपाशी फसतात. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल, तर उलट आकडा फुगून येऊ शकतो. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं 6.5 हा आकडा मधुमेहाच्या निदानासाठी मान्य केला, तेव्हाही मोजणीत गडबड करणारा असा आजार नसावा, ही अट घातलीच होती.

तपासणी वाईट नाही. ब्रिटनमध्ये 1977 पासून वीस वर्षं पाच हजारांवर मधुमेहींचा अभ्यास झाला. त्यात हा आकडा एकानं कमी, तिथे हार्ट अ‍ॅटॅक 14 टक्क्यांनी कमी दिसले. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं पाय कापावा लागणं किंवा मरण येणं 43 टक्क्यांनी कमी. वाढलेली साखर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब करते, तिथे चरबी साचते, वाट अरुंद होते. पायापर्यंत रक्तच पोचलं नाही, तर मलम काय करणार?

आणि हे दुखणं पुरुषांचं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून 5209 बाया-माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. 1979 मध्ये छापलेले निष्कर्ष सांगतात, की मधुमेहानं हृदयाचा धोका बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त पटींनी वाढतो. म्हणून साखरेच्या जोडीला बीपी, एलडीएल कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं अल्ब्युमिनही पाहतात. सिकलसेल असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामाइन ही तपासणी. ती हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

काकूंना दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी पायाची नाडी चाचपली, मग दंडाचं आणि घोट्याचं बीपी ताडून पाहिलं. घोट्याचं फारच कमी होतं. दोन बोटं गेली, पाय वाचला. यंदाच्या रोवणीत काकू बांधावर बूट घालून बसल्या होत्या, आम्हाला पऱ्ह्याच्या पेंढ्या मोजून देत. त्यांच्या साखरेच्या वहीच्या पहिल्या पानावर आता सिकलसेलचं कार्ड टाचलेलं आहे.